देवाच्या उकिरड्यावरचं लेकरू

आमच्या गावच्या महादेवाला मी दर सोमवारी जाते. पिंडीवर पाणी घालते, बेल वाहते आणि घरी येते. बाया म्हणतात, केवढी हिची भक्ती! खरं सांगायचं तर त्यातले कितीतरी सोमवार मी देवाशी भांडायला गेले आहे. माझ्या बाबतीत त्यानं जे केलं त्याला सगळं गाव कृपा म्हणतं. मीही म्हणते. पण ती कृपा कडू औषधासारखी आहे. गुण आला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. गावात ती गोष्ट आता भलतीच होऊन बसली आहे, म्हणून जशी घडली तशी एकदा लिहून ठेवते. माझे वडील डोंगरकड्याला पोथी वाचायचे. त्यांनी मला अक्षरं शिकवली होती, ती आज कामाला येतायत.

देऊळ कयाधूच्या अगदी काठावर आहे. जुनं, काळ्या दगडाचं, चुन्याचा हात न लावता दगडावर दगड बसवलेलं. पुढं नंदी, मागं नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. कयाधू म्हणजे प्रल्हादाची आई, तिचंच नाव आमच्या नदीला. कथेकरी सांगतात, तिला पोटातलं लेकरू वाचवण्यासाठी परक्याच्या आश्रमात राहावं लागलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा ही कथा मी नुसती ऐकली आणि विसरून गेले.

माझी पहिली मुलगी बारशानंतर थोड्याच दिवसांत गेली. दुसरा मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडची रीत केली. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं नवं लेकरू उकिरड्यावर टाकतात आणि मागं वळून न पाहता निघून येतात. जिची सगळी लेकरं जिवंत आहेत अशी एक बाई ठरवलेली असते. ती सहज आल्यासारखी येते, ‘मला लेकरू सापडलं’ म्हणून ते उचलते. मग खऱ्या आईनं सूपभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे त्या घरावर टपलेल्या मरणाला वाटावं, हे लेकरू यांचं नव्हेच, विकतचं आहे. अशा पोरांना उकंडा म्हणतात. आमच्या भागात दर गावात दोनचार उकंडे सापडतील. आमचाही उकंडा झाला, आणि दात यायच्या आत तोही गेला. मरण काही एवढं भोळं नसतं.

तिसऱ्या खेपेला पुन्हा मुलगाच झाला. पण बाळंतपणात मला ताप भरला, तो उतरता उतरेना, आणि त्या तापात माझं दूध आटलं. शेळीचं दूध लेकराला पचत नव्हतं. कापसाच्या बोळ्यानं घातलेलं तोंडातून बाहेर यायचं. त्याची मान काडीसारखी झाली. त्याला दूध हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण आमच्या घरात सगळ्यांना काळजी पडली होती ती त्याच्या नशिबाची. आत्याबाई गुरवाकडे विचारायला गेल्या. गुरव म्हणाला, “गावच्या उकिरड्यानं एकदा दगा दिला ना? मंग देवाच्या उकिरड्यावर टाका.”

देवाचा उकिरडा म्हणजे देवळामागची जागा. पिंडीवरचं पाणी तिथं गोमुखातून बाहेर पडतं, आणि वाळलेला बेल, फुलं, सगळं निर्माल्य तिथंच टाकतात. लेकरू उचलायला सरूबाई ठरली. तिची सगळी लेकरं धडधाकट होती आणि हे ती दिवसातून दहादा कुणाला ना कुणाला सांगायची. सकाळच्या पूजेच्या वेळी आम्ही देवळात गेलो, मी, आत्याबाई आणि आमचे मालक. मला नीट चालवतही नव्हतं. त्या ओल्या बेलाच्या ढिगावर मी फडक्यात गुंडाळलेलं लेकरू ठेवलं आणि पाठ फिरवली. मनात देवाला म्हटलं, दोन नेलेस, आता हे तुझ्या केरात आणून टाकलंय, समाधान झालं का?

पण आमचं घोडं भलत्याच ठिकाणी पेंड खात होतं. सरूबाईला कुणीतरी नुसतं ‘देवळात ये’ एवढंच सांगितलं होतं. ती पुढच्या अंगाला नंदीपाशी पाठ करून बसली होती, कुणी बोलावलं की उठायचं म्हणून. आम्ही मागच्या पायऱ्या उतरून नदीकडे तोंड करून उभे, ती येऊन उचलेल म्हणून. रीत अशी की वळून पाहायचं नाही, त्यामुळे कुणीच वळून पाहत नव्हतं. गुरव आत गाभाऱ्यात घंटा वाजवत होता. लेकरू रडत होतं, म्हणजे रडणं कसलं, मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज. तो ऐकत मी पाण्याकडे बघत उभी होते. मग तो आवाज थांबला.

मला वाटलं, संपलं. आत्याबाईंनी माझा दंड धरला होता, तो झटकून मी वळले. ढिगावर एक लमाणीण बसली होती. तिचा लाकडांचा भारा बाजूला पडला होता. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेली काचोळी, आणि त्या काचोळीवर दुधाचे मोठे ओले डाग. माझं लेकरू तिच्या छातीशी होतं आणि पीत होतं. त्याच्या घशातून घटाघटा आवाज येत होता. तसा आवाज मी माझ्या कुठल्याच लेकराच्या घशातून ऐकला नव्हता.

“आगं ए लमाणणी!” आत्याबाई ओरडल्या. “ठेव ते खाली. आमचं हाय ते.”

तिनं मान वर केली नाही. “तुमचं हाय तर इथं काहून टाकलं?”

“टाकलं न्हाई. रीत हाय आमची.”

“मला वाटलं टाकलं. मी उचललं.”

आरडाओरडा ऐकून गुरव ओल्या धोतरानं बाहेर आला. सरूबाई पुढून पळत आली आणि कपाळावर हात मारून घेत म्हणाली, “आगंबया, मी तिकडं नंदीपाशी बसून राहिले की!” आत्याबाईंनी तिला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. गुरव डोकं खाजवत म्हणाला, “आता काय करता? जी पयली उचलंल ती माय. तिच्याकडूनच इकत घ्यावं लागतंय.” आत्याबाईंनी लगेच ज्वारीचं सूप पुढं सरकवलं, वर चोळीचा खणही कबूल केला. लमाणणीनं सुपाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“माय तू हाईस?”

मी होकाराची मान हलवली.

“दूध हाय तुला?”

“न्हाई.”

“मंग नेऊन काय करशील?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ताप किती, अंगारा लावला का, कुणाची नजर लागली, हे सगळ्यांचं विचारून झालं होतं. मला तिथंच रडू फुटलं. आमचे मालक अडखळत म्हणाले, “घरी यिऊन पाजंल की ती. रोज यिऊ दे.” त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “लमाणीण माझ्या वट्यावर चढायची न्हाई. गाव तोंडात शेण घालंल.” ते त्यांचं बोलणं मी आयुष्यात विसरणार नाही. मला एकदम कळलं की आता मी बोलले नाही तर हे लेकरू आजच घरी येईल आणि चार दिवसांत जाईल. मी त्या बाईला म्हटलं, “घेऊन जा त्याला.”

“पोटचं पोर लमाणाला देतीस?” आत्याबाईंचा आवाज चढला.

“आत्याबाई, तुमीच टाकायला लावलं ना? आतापर्यंत नाटक चाललं व्हतं. आता टाकलं.”

मालकांनी खाली बघून एवढंच म्हटलं, “जगू दे.” ती उठली, लाकडं तिथंच सोडली, लेकराला ओढणीच्या झोळीत घातलं आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. तिचा तांडा पलीकडच्या माळावर होता. मी पायरीवर बसून राहिले. गुरव परत गाभाऱ्यात गेला होता, देवळात घंटा वाजत होती आणि मला त्या घंटेचा संताप येत होता. समर्पण, शरण जाणं हे शब्द मी वडिलांच्या पोथीत पुष्कळ ऐकले होते. ते असं काळजाचं साल काढल्यासारखं असतं, हे त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिचं नाव गोमली. हे मला पुढच्या सोमवारी कळलं. मी देवाला जाते म्हणून घरातून निघायचे, ती लाकडं विकायला बाळापूरच्या बाजाराकडे निघाल्यासारखी यायची, आणि देवळामागं त्या ढिगाजवळ आम्ही दोघी बसायचो. तिनं सांगितलं, तिचं लेकरू नुकतंच गेलं होतं. त्याला देवळाच्या खालच्या अंगाला काठावर पुरलं होतं, म्हणून ती लाकडाच्या निमित्तानं रोज तिथं यायची. त्या दिवशी रडण्याचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, मातीतूनच येतोय. “मी येडी झाली असं वाटलं मला,” ती म्हणाली. तिला दूध दाटून ताप यायचा. माझं लेकरू तिला हवं होतं आणि तिचं दूध माझ्या लेकराला. यात देव कुठं होता, मला सांगता येत नाही. त्याच्या भिंतीला टेकून आम्ही बसलो होतो, एवढं खरं.

लेकरू भरत गेलं. आधी गाल आले, मग मनगटाला वळी पडली. मी त्याला मांडीवर घेतलं की ते तिच्याकडे बघत राहायचं. पावसाळ्यात कयाधूला पूर आला की जाणंयेणं बंद व्हायचं. मग मी अलीकडच्या पायरीवर उभी राहायचे आणि ती पलीकडच्या काठावर यायची. मधल्या गढूळ पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नसे. ती नुसती लेकराला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरायची, मला दिसावं म्हणून. तेवढं पाहून मी आत जाऊन पिंडीवर पाणी घालायचे. हात जोडताना मनात आभार असायचे आणि त्याच वेळी असंही यायचं की देवा, तुला एवढं करता येत होतं तर माझ्या अंगाला दूध देणं काय अवघड होतं?

पोरगं भाकरीचा काला खायला लागलं तेव्हा, शिवरात्रीच्या सुमाराला, ती म्हणाली, “आता घेऊन जा.” आत्याबाई पुन्हा सूपभर ज्वारी घेऊन देवळामागं आल्या. गुरव आला, सरूबाई आली, निम्मं गाव बघायला आलं. गोमलीनं पोराला माझ्या कडेवर दिलं. आत्याबाईंनी सूप पुढं केलं. ती दोन पावलं मागं सरली.

“न्हाई घेत.”

“काहून? कमी वाटून राहिली का? अजून सूपभर देते.”

“मला इकायचं न्हाई,” गोमली म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हिला सांभाळायला देते.”

आणि ती पाण्यात उतरली. पोरगं तिच्याकडे हात करून ‘याडी, याडी’ म्हणून किंचाळत होतं. तांड्यात आईला याडी म्हणतात. माझ्या लेकराचा पहिला शब्द तो होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. ती पलीकडे पोचेपर्यंत एकदाही वळली नाही. वळून न पाहायची आमची रीत तिला कुणी सांगितली नव्हती, पण तिनं ती पाळली. आत्याबाई घाबरल्या होत्या, कारण मोल घेतलं नाही म्हणजे रीत अर्धीच राहिली. त्यांनी गड्याला सूप देऊन तिच्या मागं धाडलं. त्यानं तांड्याच्या वाटेवर ज्वारी ओतली आणि येऊन सांगितलं, “दिली.” आत्याबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. चिमण्या आणि होले ती ज्वारी टिपत होते. तिनं एक दाणाही उचलला नव्हता.

पोराचं नाव आम्ही महादू ठेवलं. तो जगला, आणि मग गावानं देव घडवायला घेतला. आधी सरूबाई म्हणू लागली की नंदीपाशी तिला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं होतं. मग गुरव सांगू लागला, त्या बाईच्या पायांचा ठसा दगडावर उमटला होता. दोनचार वर्षांत पार्वतीमाय लमाणणीच्या रूपानं आली होती असं ठरून गेलं. निर्माल्याच्या जागी एक शेंदूर लावलेला दगड बसला. ज्यांची लेकरं जगत नाहीत त्या बाया तिथं नारळ फोडू लागल्या. ती बाई कोण, कुठली, तिला पुढं लेकरू झालं का, तिच्या घरात खायला आहे का, हे कुणीच विचारलं नाही. देवी म्हटलं की विचारावं लागत नाही. माणूस म्हटलं असतं तर वट्यावर बसवून पाणी तरी द्यावं लागलं असतं.

एका जत्रेला ती आली. महादू तेव्हा हुंदडण्याएवढा झाला होता. दगडासमोर बायांची रांग होती, ती लांब चिंचेखाली उभी. मी तिच्याजवळ गेले. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. दगडाकडे बोट करून तिनं विचारलं, “ह्यो कोण देव हाय? पयले नव्हता.”

“तू हाईस,” मी म्हटलं.

तिला आधी समजेना. मी सगळं सांगितलं तेव्हा ती खोकला लागेपर्यंत हसली. “मंग माझा नारळ कुठं हाय?” ती म्हणाली. आम्ही दोघीही हसलो. खूप वर्षांनी मी तशी हसले असेन. तेवढ्यात गुरव हातवारे करत आला, “ए बाई, सावली पडून राहिली निवदावर, लांब हो.” ती आणखी मागं सरकली. महादू प्रसादाचं खोबरं घेऊन माझ्याकडे पळत आला. मी त्याला म्हटलं, “ह्यांना दे.” त्यानं दिलं. तिनं खोबरं तोंडात टाकलं आणि त्याच्या मनगटाला हात लावून पाहिला, बाजारात जनावर जोखतात तसा. “चांगला सांभाळलास,” म्हणाली, आणि गर्दीत गेली.

ती मला पुन्हा दिसली नाही. मागच्या साली जुन्या राजवटीविरुद्ध मुलूख पेटला, गावांवर धाडी पडू लागल्या. गावंच्या गावं घरदार सोडून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली, त्यात तो तांडाही उठला. आता अंमल बदलला, लोक परत आले, पण पलीकडच्या माळावर नुसत्या चुली उरल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक लमाणाला मी गोमलीचं विचारते. कुणी म्हणतं उमरखेडाकडे आहे, कुणी म्हणतं नाही.

यंदा महादूला थंडीतापानं गाठलं. अंगाची भट्टी झाली, बरळायला लागला. मी देवळात गेले. दोन लेकरांच्या वेळी याच पिंडीसमोर मी ‘माझं वाचव, माझं वाचव’ म्हणून डोकं आपटलं होतं. या वेळी तो शब्द तोंडातून निघेना. मी म्हटलं, “देवा, हे माझं न्हाई. त्या बाईचं हाय, माझ्याकडं ठेवलेलं. ती इचारायला आली तर मी काय सांगू?” आणि मग मला फार हलकं वाटलं. दुसऱ्याच्या ठेवीसाठी मागताना तोंड जड होत नाही. इतकी वर्षं मी जिच्या पायी कडू होऊन बसले होते ती अर्धी राहिलेली रीतच माझ्या उपयोगी पडली. ताप उतरला. तो कशानं उतरला ते मी विचारत नाही. औषधही चालू होतंच.

महादू उठून बसायला लागला तेव्हा त्यानं विचारलं, “माय, त्या शेंदराच्या दगडाला मी हात जोडले की तू तोंड काहून फिरवतीस?” मग मी त्याला सगळं सांगितलं, ज्वारीसकट. गोधडीचा दोरा ओढत त्यानं विचारलं,

“म्हंजी मी इकत घेतलेला न्हाई?”

“न्हाई.”

“मंग मी तिचाच हाय. तू आजवर दुसऱ्याच्या लेकराला मारून राहिली व्हय?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. आत्याबाई आता थकल्या आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, त्या वट्यावर ऊन खात बसल्या होत्या. त्यांच्याकडे एकदा बघून महादूनं आवाज खाली आणला.

“ती मला न्यायला आली तर?”

एवढी वर्षं ज्या प्रश्नाला मी भीत होते तो त्यानं सहज विचारला. उत्तरही सहज आलं. देवाचे आभार मानायचे तर त्या सहजपणासाठी मी मानते.

“देईन,” मी म्हटलं. “पण आधी तिला त्या वट्यावर बसवून जेवू घालीन.”